पाहुण्याच्या खोलीतली नोकरी

हॉटेलात खोल्या आवरण्याच्या कामावर नव्याने लागलेल्या मुलीला सगळ्यात आधी दार वाजवायला शिकवतात. बोटाच्या पेराने टकटक, मग स्पष्ट आवाजात ‘हाउसकीपिंग’, थोडं थांबायचं, पुन्हा टकटक, पुन्हा थांबायचं, आणि आतून काहीच उत्तर आलं नाही तर आपल्याजवळच्या कार्डाने दार उघडायचं. या सगळ्या शिष्टाचाराचा हेतू एकच असतो, आतल्या माणसाला संकोच वाटू नये. खोली त्याची आहे, तिचं भाडं त्याने मोजलेलं आहे आणि आत येणारी बाई आगंतुक आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आत गेल्यावर तिलाच संकोच वाटावा असं काही घडलं तर काय करायचं, याचा पाठ मात्र बहुतेक ठिकाणी या शिकवणीत नसतो.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कायद्याने जी अंतर्गत समिती नेमायला सांगितलं आहे, तिच्यावर एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा लागतो. गेली काही वर्षं मी असा बाहेरचा सदस्य म्हणून काही आस्थापनांमध्ये जाते, त्यात हॉटेलंही आहेत. तक्रारींचा तपशील उघड करायला कायद्याचं कलम १६ मनाई करतं. ती मनाई मला योग्यच वाटते, तेव्हा कुठल्या प्रकरणाची हकिकत इथे येणार नाही. पण एक निरीक्षण सांगायला हरकत नाही. कचेऱ्यांमधून आणि कारखान्यांमधून समितीपुढे जो पुरुष येतो तो बहुधा वरिष्ठ असतो किंवा सहकारी. हॉटेलातल्या बायका प्रशिक्षणाच्या सत्रानंतर, चहा पिताना, ज्याच्याबद्दल बोलतात तो मात्र बहुधा पाहुणा असतो. आणि त्याच्याविरुद्धची लेखी तक्रार समितीपर्यंत जवळजवळ कधीच येत नाही. असं का होतं, हे शोधायला मी सुरुवात केली तेव्हा उत्तराचा एक भाग कायद्यात सापडला, एक भाग कामाच्या रचनेत, आणि काही भाग फार लांबच्या दोन-तीन शहरांत.

आधी कामाबद्दल. एका पाळीत डझनभर ते सोळा खोल्या, म्हणजे खोलीमागे अर्धा तास, कधी त्याहूनही कमी. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं, चादरी-टॉवेलांनी भरलेली ढकलगाडी आणि मजल्यावर बहुतेक वेळ ती एकटी. शहरातल्या कामाच्या जागांमध्ये इतकी खासगी आणि इतकी एकाकी जागा घरकामाखेरीज दुसरी आठवत नाही. शिवाय तिची कामाची जागा म्हणजे दुसऱ्याचं शयनघर. बँकेच्या खिडकीपाशी कुणी टॉवेल गुंडाळून उभा राहिला तर रखवालदार धावून येईल. हॉटेलात तसाच दार उघडणारा माणूस ‘आपल्या खोलीत’ असतो. त्याने मुद्दाम तसं केलं की चुकून झालं, हे ठरवायची जबाबदारी तिच्यावर येऊन पडते, आणि ते तिला दाराशी उभ्याउभ्या, दोन क्षणांत ठरवायचं असतं.

बँक्वेट, बार, रूम सर्व्हिस, स्पा, स्वागतकक्ष या जागांची तऱ्हा वेगळी आहे, तिथे एकाकीपणा कमी. पण तिथे अगत्य हाच विकायचा माल असतो. हसतमुख राहणं नोकरीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं, आणि ते हसू आपल्यासाठी आहे असं समजणारं गिऱ्हाईक रोज भेटतं. बक्षिसी त्याच्या हातात, इंटरनेटवर लिहायचा अभिप्राय त्याच्या हातात, आणि त्या अभिप्रायात नाव येणं-न येणं यावर सुपरवायझरची मर्जी. हे काम करणाऱ्यांमध्ये कंत्राटदारामार्फत आलेल्या बायका असतात, परराज्यांतून आलेल्या मुली असतात, आणि हॉटेल मॅनेजमेंट शिकताना काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवलेल्या विद्यार्थिनी. या विद्यार्थिनींची अडचण अशी, की प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा कागद हॉटेलने द्यायचा असतो. सही करणाऱ्या साहेबाला कटकट नको असते, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं.

या प्रश्नाची मोजदाद करायचा एक ठळक प्रयत्न शिकागोत झाला. २०१६ मध्ये तिथल्या हॉटेल-कामगारांच्या ‘युनाइट हिअर’ संघटनेच्या स्थानिक शाखेने हॉटेलांत आणि कॅसिनोंत काम करणाऱ्या सुमारे ५०० बायकांना प्रश्न विचारले. हॉटेलातल्या ५८ टक्के आणि कॅसिनोतल्या ७७ टक्के बायकांनी गिऱ्हाइकांकडून लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. खोल्या आवरणाऱ्यांपैकी ४९ टक्के जणींना नग्नावस्थेत दार उघडणारा किंवा अंगप्रदर्शन करणारा पाहुणा भेटलेला होता. सर्वेक्षण संघटनेचं होतं, तिच्या मोहिमेसाठी केलेलं होतं, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचायला हवेत. पण मला त्यातला दुसरा एक आकडा जास्त बोलका वाटतो. छळ सोसलेल्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश जणींनी तो वरिष्ठांच्या कानावर घातला होता. बाकीच्यांनी पुढची खोली आवरायला घेतली.

या मोहिमेचं नाव ‘हँड्स ऑफ, पँट्स ऑन’. मराठीत सांगायचं तर ‘हात आवरा, पँट सावरा’. ऑक्टोबर २०१७ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेने याच नावाने ओळखला जाणारा कायदा संमत केला. वर्तमानपत्रांत गाजलं ते त्यातलं बटण. खोलीत किंवा स्वच्छतागृहात एकटीने काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला हॉटेलने स्वखर्चाने धोक्याची सूचना देणारं, अंगावर बाळगता येईल असं उपकरण द्यायचं, त्यासाठी १ जुलै २०१८ ही मुदत होती. बटणाची कल्पना तेव्हा नवी नव्हती. मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तेव्हाचे प्रमुख डोमिनिक स्ट्रॉस-कान यांच्यावर न्यूयॉर्कच्या हॉटेलात खोली आवरायला आलेल्या, गिनीहून स्थलांतरित झालेल्या एका महिलेने लैंगिक हल्ल्याचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला, सरकारी वकिलांनी काही महिन्यांत फौजदारी खटला मागे घेतला आणि दिवाणी दावा २०१२ च्या अखेरीस तडजोडीने मिटला. खरं-खोटं न्यायालयात ठरलंच नाही. पण त्यानंतर न्यूयॉर्कच्या हॉटेल-कामगार संघटनेने २०१२ च्या करारात ही बटणं मिळवली.

बटण दिसतं तितकं सरळ नसतं. उपग्रहावरून जागा शोधणारी यंत्रणा इमारतीच्या आत डळमळते आणि मजला तर तिला नीट कळतच नाही. विसाव्या मजल्यावरची हाक चौथ्या मजल्यावरची समजली गेली तर उपयोग काय? म्हणून कॉरिडॉरमध्ये आणि खोल्यांमध्ये छोटे संदेशक बसवावे लागतात, त्यांच्या बॅटऱ्या बदलाव्या लागतात, आणि बटण दाबल्यावर धावून जाणारा माणूस रात्रपाळीलाही जागेवर असावा लागतो. हा शेवटचा खर्च कुणी जाहिरातीत दाखवत नाही.

मला त्या कायद्यात बटणापेक्षा त्याच्या शेजारची कलमं मोलाची वाटतात. धोका वाटला तर काम तिथेच थांबवून निघून जायचा हक्क. तो पाहुणा हॉटेलात असेपर्यंत तिला दुसऱ्या मजल्यावर किंवा त्याच्यापासून दूर काम. पोलिसांत तक्रार द्यायला आणि साक्षीला जायला पगारी वेळ. आणि या कशाचाही वापर केला म्हणून तिच्यावर सूड उगवायचा नाही, अशी मालकाला तंबी. बटण हे शेवटच्या मिनिटासाठी असतं. त्याच्या आधीची जी मिनिटं असतात, पहिली शेरेबाजी, ‘जरा बस ना’, पलंगावर मुद्दाम उघडं ठेवलेलं मासिक, तिथे बटण दाबायला कुणी धजत नाही, आणि दाबलं तर हसं होईल असंही वाटतं. तिथे उपयोगी पडतो तो निघून जायचा हक्क. अर्थात तो खरा तेव्हाच, जेव्हा अर्धवट सोडलेली खोली दिवसाच्या मोजणीतून वजा होते. सोळाच्या सोळा पूर्ण झाल्याच पाहिजेत असा दंडक असेल तर हक्क कागदावर राहतो आणि ती जेवणाची सुट्टी वापरून ती खोली पुरी करते.

सिएटलने एक पाऊल आणखी पुढे टाकलं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने मंजूर केलेल्या कायद्यात, ज्या पाहुण्यांविरुद्ध तक्रार आली त्यांची यादी हॉटेलने ठेवावी आणि शपथेवर दिलेल्या जबानीचा आधार असेल तर त्या पाहुण्याला तीन वर्षं खोली देऊ नये, असं म्हटलं होतं. हॉटेलमालकांची संघटना न्यायालयात गेली. एकाच कायद्यात अनेक विषय कोंबले आहेत या तांत्रिक मुद्द्यावर २०१८ मध्ये तो कायदा रद्द झाला, मग २०१९ मध्ये नगर परिषदेने वेगवेगळे कायदे करून त्यातलं बरंच परत आणलं. चौकशीआधीच कुणाचं नाव यादीत जावं का, या प्रश्नावर मीही अडखळते. पण बिल बुडवणाऱ्याचं, चादरी जाळणाऱ्याचं नाव लिहून ठेवायला हॉटेलांना कधी संकोच वाटल्याचं ऐकिवात नाही.

इथे मूळ प्रश्न येतो. पाहुणा हा मालकाचा नोकर नाही. मालक त्याला नोटीस देऊ शकत नाही, पगार कापू शकत नाही. मग त्याच्या वागण्याला मालक जबाबदार कसा? या प्रश्नाचं मला आढळलेलं सगळ्यात नेमकं उत्तर इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या एका जेवणावळीतून आलं. डिसेंबर १९९४ मध्ये तिथल्या एका हॉटेलात पुरुषांच्या क्लबचं मोठं भोजन होतं, चारेकशे पाहुणे. बर्नार्ड मॅनिंग नावाचा विनोदवीर भाषणाला बोलावलेला. त्याचे विनोद कसे असतात हे सगळ्या इंग्लंडला ठाऊक होतं. टेबलं आवरणाऱ्या दोन कृष्णवर्णीय तरुणींना पाहून त्याने वंशावरून आणि लैंगिक अंगाने टिंगल सुरू केली, मग पाहुण्यांपैकीही काहींची भीड चेपली. त्या दोघींनी हॉटेलविरुद्ध दावा लावला. १९९६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याचा आशय असा, की बोलणारा कुणाचा नोकर आहे हा प्रश्नच नव्हे. प्रसंगावर ताबा कुणाचा होता ते पाहा. पोरींवर नजर ठेवा आणि प्रकरण हाताबाहेर जाऊ लागलं तर त्यांना दालनातून बाहेर काढा, एवढं व्यवस्थापकाने आपल्या मदतनिसांना आधी सांगून ठेवलं असतं तरी पुरलं असतं. हॉटेलने ते केलं नाही.

मला या निकालातली व्यवहारदृष्टी आवडते. त्यात मालकाकडून चमत्काराची अपेक्षा नाही, लग्नाच्या हॉलमधला जाणता कॅप्टन जे आपणहून करतो तेवढंच मागितलं आहे. दारू चढलेल्या टेबलावरून मुलीला काढून तिथे दोन अनुभवी वाढपी पाठवणं, हे आपल्याकडे पुष्कळ कॅप्टन करतात. त्यासाठी त्यांना कुणी शाबासकी देत नाही, आणि केलं नाही तर कुणी जाबही विचारत नाही.

पुढे मात्र तो निकाल टिकला नाही. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं, की दावा वंशभेदाचा आहे, आणि हॉटेलने गोऱ्या मुलींनाही असंच वाऱ्यावर सोडलं असतं. मग भेदभाव कुठे झाला? तर्क बिनचूक, आणि हाती भोपळा. मग ब्रिटिश संसदेने कायद्यात असं घातलं, की बाहेरच्या माणसांकडून आधी निदान दोनदा छळ झालेला मालकाला माहीत असेल आणि तरीही त्याने उपाय केला नाही, तरच तो जबाबदार. म्हणजे तिसऱ्या वेळेपर्यंत वाट पाहायची! ती तरतूदही २०१३ मध्ये काढून टाकली गेली. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे मालकावर छळ टाळण्यासाठी वाजवी उपाय आधीच योजण्याचं बंधन आलं आहे. न योजल्यास भरपाईची रक्कम पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते.

आता आपल्याकडे येऊ. राजस्थानात सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. करणारे गावातले होते, त्यांच्या कचेरीतले नव्हते. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांत बाहेरच्या, तिऱ्हाईत व्यक्तीकडून छळ झाला तर मालकाने पीडितेला आधार द्यावा आणि प्रतिबंधक उपाय करावेत, असं स्वतंत्र तत्त्व आहे. ज्या घटनेतून हे सगळं निघालं ती पाहता ते असणारच होतं. तरी ‘विशाखा’ म्हटलं की लोकांना आठवते ती समिती. हे तत्त्व फारसं कुणाला आठवत नाही.

२०१३ च्या कायद्यातही ते आहे. कलम १९ च्या पहिल्याच खंडात मालकाने सुरक्षित वातावरण द्यायचं म्हणजे कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता द्यायची, असं म्हटलं आहे. याच कलमात पुढे, गुन्हेगार कर्मचारी नसेल आणि पीडितेची इच्छा असेल तर घटना घडली त्या ठिकाणी त्याच्याविरुद्ध दंडसंहितेखाली कारवाई सुरू करवणं, हेही मालकाचं कर्तव्य सांगितलं आहे. आता तिथे भारतीय न्याय संहितेची कलमं ७४ आणि ७५ येतील. कर्मचारी या शब्दाची व्याख्याही ऐसपैस आहे. कंत्राटी, रोजंदारीवरच्या, प्रशिक्षणार्थी अशा सगळ्या तिच्यात येतात. कंत्राटदाराने पाठवलेली बाई मुख्य मालकाला ठाऊक नसली तरी येते. ‘ती आमच्या पटावर नाही’ हे उत्तर कायद्याने बाद केलेलं आहे. रोज ऐकू येतं, ती गोष्ट निराळी.

मग अडतं कुठे? समितीच्या हातातल्या हत्यारांपाशी. दोष सिद्ध झाला तर समिती सेवानियमांप्रमाणे शिक्षा, पगारातून भरपाई अशा शिफारशी करते. पाहुण्याला सेवानियम नाहीत आणि पगारही नाही. चौकशीसाठी नव्वद दिवस असतात. पाहुणा परवा सकाळी अकराला खोली सोडणार असतो. चौकशी चालू असताना द्यायचा दिलासा म्हणून बदली किंवा रजा सुचवता येते, पण बदली होते ती तिची. ती बक्षिसीच्या मजल्यावरून कपडे धुण्याच्या तळघरात जाते, आणि बाकीच्या बायका त्यावरून धडा घेतात. ज्या बायका चहा पिताना माझ्याशी बोलतात, त्यांनी हा हिशोब केव्हाच केलेला असतो. समितीचा साचा कचेरीसाठी घडवलेला आहे. हॉटेलात खरं ओझं कलम १९ वर, म्हणजे घटना घडण्याआधी आणि घडल्यावर लगेच मालक काय करतो यावर आहे, आणि नेमकं तेच कलम प्रशिक्षणाच्या स्लाइडवर शेवटी, वेळ संपताना येतं.

‘पाहुणा निघून गेला, आता काय करणार’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. गावात आलेल्या परक्या माणसाची हॉटेलइतकी पक्की नोंद दुसरं कोणीही ठेवत नाही. ओळखपत्राची प्रत, पत्ता, फोन, पैसे भरल्याचा तपशील, परदेशी असेल तर पासपोर्टची माहिती, हे सगळं स्वागतकक्षात असतं. खोलीचं कार्डाचं कुलूप कोणत्या कार्डाने किती वाजता उघडलं ते स्वतःच्या स्मृतीत ठेवतं. कॉरिडॉरमध्ये कॅमेरा असतो. ती आत किती वाजता गेली, किती घाईने बाहेर आली, गाडी तिथेच सोडून गेली का, ते त्यात दिसतं. मात्र कुलपाची स्मृती मर्यादित असते, जुन्या नोंदी पुसून नव्या येतात. कॅमेऱ्याचं चित्रणही साधारण महिनाभराने पुसलं जाऊन त्यावर नवं येतं. कायदा तक्रारीसाठी तीन महिने देतो, सबळ कारण असल्यास आणखी तीन. म्हणजे धीर एकवटून ती दहाव्या आठवड्यात लेखी तक्रार देते तेव्हा ती मुदतीत असते, आणि पुरावा गेलेला असतो. त्यामुळे मी ज्या समित्यांवर बसते तिथे एकच आग्रह धरते. तिने तोंडी सांगितलं, नुसतं सुपरवायझरच्या कानावर घातलं, तरी त्या दिवसाचं चित्रण आणि कुलपाच्या नोंदी बाजूला काढून ठेवायच्या. ती तक्रार करो न करो. याला खर्च जवळजवळ शून्य, तरीही ‘आयटीला विचारावं लागेल’ असं उत्तर येतं.

संरक्षणाचा आणखी एक मार्ग आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, तो म्हणजे बाईलाच तिथून काढणं. दिल्लीला लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचं कलम ३० असं होतं, की दारू प्यायली जाते त्या जागी कोणत्याही बाईला आणि २५ वर्षांखालच्या पुरुषाला नोकरीवर ठेवू नये. ६ डिसेंबर २००७ रोजी अनुज गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. बाईला नोकरीतून वगळण्यापेक्षा ती नोकरी तिला सुरक्षितपणे करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणं हे राज्याचं काम आहे, हा त्या निकालाचा गाभा. महाराष्ट्राने दोनच वर्षं आधी, २००५ मध्ये, डान्सबारवर बंदी घातली होती, तीही स्त्रियांच्या प्रतिष्ठेच्या नावाने. त्यात तारांकित हॉटेलांना सूट होती, जणू प्रतिष्ठा जागेच्या भाड्यावर ठरते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. दरम्यान हजारो बायकांचा रोजगार गेला होता. बारमध्ये त्यांना हात लावणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, हा प्रश्न त्या सगळ्या वर्षांत बाजूलाच राहिला.

रात्रपाळीची गोष्ट थोडी बरी आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना त्यांच्या संमतीने काम करता येतं, पण प्रतिष्ठेचं आणि सुरक्षिततेचं रक्षण, लैंगिक छळापासून संरक्षण आणि घरपोच वाहनाची सोय या अटींवर. दिशा बरोबर आहे. संमतीचा कागद मात्र रुजू होतानाच्या गठ्ठ्यात सही करून घेतलेला असतो.

एक उणीव इथेच नोंदवते. २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे. बारमध्ये, स्पामध्ये काम करणाऱ्या कोवळ्या मुलांना गिऱ्हाइकांचा त्रास होतो, आणि तो सांगायला त्यांच्याकडे समिती नाही. शिकागोचा आणि इंग्लंडचा कायदा अशी विभागणी करत नाही.

मालकच पाहुण्याच्या बाजूने उभा राहिला तर? सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तराखंडात ऋषिकेशजवळच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागतिका म्हणून नुकत्याच लागलेल्या १९ वर्षांच्या मुलीचा खून झाला. पाहुण्यांना ‘विशेष सेवा’ द्यावी म्हणून तिच्यावर दबाव होता आणि तिने नकार दिला होता, असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं. मे २०२५ मध्ये कोटद्वारच्या न्यायालयाने रिसॉर्टच्या मालकाला आणि त्याच्या दोन कर्मचाऱ्यांना जन्मठेप सुनावली. अशा जागी बटण कुणाकडे वाजणार? मालकाकडेच ना!

तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, तिथल्यासाठी कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती सांगितली आहे. आपल्याकडची बहुसंख्य खानपानाची ठिकाणं याच वर्गात मोडतात. हायवेवरचे ढाबे, खानावळी, कोकणातली आणि महाबळेश्वर-पाचगणीकडची छोटी लॉज, गोव्यातले समुद्रकाठचे शॅक. तिथे मनुष्यबळ विभाग नाही, कार्डाचं कुलूप नाही, कित्येकदा नेमणुकीचा कागदही नाही. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या बसवा, तालुक्या-तालुक्यात नोडल अधिकारी नेमा, असे आदेश मुदत घालून दिले. कायदा होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

या नोडल अधिकाऱ्याचं काम कायद्यात दोन ओळींत सांगितलेलं आहे. तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून काढायला समितीच्या सदस्यांनी मदत करायची, हेही कायद्यात आहे. परवाना रद्द होऊ शकतो हेही आहे. पहिल्या वेळी कसूर झाल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड, पुन्हा झाल्यास दुप्पट शिक्षा आणि परवान्यावर गदा. आणि खानपानाचा धंदा तर परवान्यांवरच चालतो. यंदा कोकणात फिरताना मी जिथे जिथे जेवले तिथल्या भिंती मुद्दाम पाहत होते. दरपत्रक होतं, अन्न परवान्याचा क्रमांक होता, ‘उधार बंद आहे’ होतं. नोडल अधिकाऱ्याचा फोन नंबर एकाही भिंतीवर दिसला नाही. एका ठिकाणी वाढणाऱ्या बाईंना मी तो लिहून दिला, तर त्यांनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि विचारलं, “इथं फोन उचलतात का?”